क्षयाचा जंतु व पेशींचे निरोप

वर्गांत आम्ही पांढऱ्या पेशींचा धडा शिकवितों, तेव्हां एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारतो, "गुरुजी, भक्षक पेशी जंतूस गिळून टाकते, तर मग क्षय होतोच कसा?" प्रश्न मार्मिक आहे, व पाठ्यपुस्तकांतील दोन ओळींनीं त्याचें समाधान होत नाहीं.

गिळणें निराळें आणि मारणें निराळें. क्षयाचा जंतु श्वासावाटे फुप्फुसांत शिरला कीं तेथील भक्षक पेशी त्यास गिळते खरी. परंतु हा कावेबाज जंतु तिच्याच पोटांत बिऱ्हाड करून राहतो. त्यास मारण्याचें सामर्थ्य तिच्या अंगीं असतें, पण तें जागें व्हावयास बाहेरून निरोप यावा लागतो. असे निरोप नेणारीं जीं सूक्ष्म प्रथिनें, त्यांस सायटोकाइन म्हणतात. एक पेशी तें प्रथिन सोडते. दुसरीच्या पृष्ठभागावर त्याच्याच मापाचें ग्राहक असतें. त्यांत तें बसलें कीं आंतल्या केंद्रापर्यंत वर्दी पोहोंचते व पेशीची वागणूक पालटते. जिच्यावर ग्राहक नाहीं, तिला तो निरोप ऐकूंच येत नाहीं.

यांपैकीं इंटरफेरॉन हें १९५७ सालीं लंडन येथें आयझॅक्स व लिंडेनमान यांनीं विषाणूंवर प्रयोग करीत असतां शोधून काढिलें. क्षयाच्या कामीं त्याचा भाऊबंद गॅमा इंटरफेरॉन उपयोगी पडतो. भक्षक पेशी इंटरल्यूकिन-१२ सोडून टी पेशीस हांक मारते. टी पेशी उलट गॅमा इंटरफेरॉन धाडते. तें मिळतांच, जंतु ज्या पिशवींत दडलेला असतो ती आम्लयुक्त होते, पाचक रस तींत उतरतात, आणि गिळलेला जंतु आतां खरोखर मरूं लागतो.

माणसांत हें असेंच घडतें, याचें दुःखद प्रमाण १९९६ सालीं मिळालें. माल्टा बेटावरील एका खेड्यांतील कांहीं मुलें अशा जंतूंनीं आजारी पडून दगावलीं, जे क्षयजंतूचे दूरचे सोयरे असून निरोगी माणसास सहसा बाधत नाहींत. त्या मुलांच्या पेशींवर गॅमा इंटरफेरॉनचें ग्राहकच नव्हतें.

सर्वच जंतु मरतात असें नाहीं. उरलेल्यांभोंवतीं पेशी गांठ बांधून त्यांस कोंडून ठेवितात. ती गांठ टिकविणारा निरोप म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. संधिवातांत तोच अवाजवी वाढून सांधे झिजवितो, म्हणून त्यास अडविणारीं औषधें निघालीं. परंतु इन्फ्लिक्सिमॅब नांवाचें असें औषध घेणाऱ्या कांहीं रुग्णांचा दबलेला क्षय उफाळल्याचें २००१ सालीं प्रसिद्ध झालें. यास्तव असें औषध देण्यापूर्वीं डॉक्टर छातीचें क्ष-किरण चित्र काढवितात व क्षयाची चाचणीही करवितात.

ही चाचणी मुलांचीही होते. कोपराखालीं त्वचेंत जो थेंबभर द्रव घालतात, त्यांत जिवंत जंतु नसतात, केवळ त्यांच्या प्रथिनांचा अर्क असतो. ओळख पटलेल्या टी पेशी निरोप धाडितात, व जमलेल्या पेशींचा कठीण फुगवटा तेथें उठतो. लाली मोजीत नाहींत, फुगवटा मोजितात. तो उठला म्हणजे क्षय झालाच असें पालकांनीं समजूं नये. बीसीजीची लस टोंचलेल्या मुलासही तो उठूं शकतो. मात्र दोन ते तीन दिवसांच्या आंत हात दाखविण्यास मुलास अवश्य न्यावें; जमाव जमण्यास तेवढा वेळ लागतो, आणि पुढें तो ओसरूं लागतो.