मायक्रोवेव्ह बदलण्याआधी मीटर लावा

अमेरिकेत निवृत्तीनंतर मोटरहोम घेऊन निघालेली आपली मंडळी भेटली, की मी त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. मायक्रोवेव्ह नीट गरम करेनासा झाला तर लगेच नवा घेऊ नका. आधी त्याच्यापर्यंत वीज किती पोचतेय ते बघा. आमचे कित्येक डॉलर हकनाक गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे जो खरा धोका होता तो तसाच राहिला होता.

युटामधल्या मोआबला होतो, ऐन उन्हाळ्यात. दुपारी आख्खं कॅम्पग्राउंड एसी लावून बसलेलं. आमचा मायक्रोवेव्ह चालू व्हायचा, आत दिवा लागायचा, काचेची थाळी फिरायची, पण पापड कडेनं फुलून मध्ये कच्चाच राहायचा. फ्रिजमधली आमटी दुप्पट वेळ ठेवली तरी कोमट. जागेवर येऊन दुरुस्ती करणाऱ्या एकाला बोलावलं. त्यानं कपभर पाणी ठेवलं, बोट बुडवून पाहिलं आणि मॅग्नेट्रॉन गेल्याचं सांगितलं. जुन्या मॉडेलचा हा भाग बदलण्यापेक्षा नवाच परवडेल, असं त्याचं म्हणणं. दोन दिवसांनी नवा बसवून, जुना घेऊन तो गेला. संध्याकाळी नव्यातही पापड तस्साच.

शेजारच्या जागेवर एक निवृत्त इलेक्ट्रिशियन उतरले होते. ते मीटर घेऊन आले आणि स्वयंपाकाच्या ओट्याजवळच्या सॉकेटमध्ये लावला. एसी चालू होता, मीटर ११४ दाखवत होता. “आता मायक्रोवेव्ह लावा,” ते म्हणाले. लावला, तसा आकडा घसरत १०३ वर येऊन थांबला. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या मायक्रोवेव्हला व्होल्टेज पंधरा टक्के कमी मिळालं, तर शिजवण्याची ताकद त्याहून बरीच जास्त घटते. दिव्याला आणि थाळीच्या मोटरला तेवढ्यानं फरक पडत नाही, म्हणून यंत्र वरवर धडधाकट दिसतं. नुसत्या सॉकेटचं व्होल्टेज पाहून काही कळत नाही. भार टाकूनच मोजायचं.

मग आम्ही बाहेर विजेच्या खांबाशी गेलो. ब्रेकर पाडून त्यांनी आमच्या केबलचा प्लग उपसला. तीन पिनांपैकी एक तपकिरी पडली होती, तिच्या भोवतीचं प्लास्टिक फुगून कडक झालं होतं आणि जळका वास येत होता. खांबावरच्या सॉकेटची पकड ढिली झालेली. ढिल्या जोडातून जास्त करंट गेला की तो जोड तापतो, तापला की आणखी बिघडतो, आणि आगी अशाच लागतात. थोडं व्होल्टेज कॅम्पग्राउंडच्या वायरिंगमध्येच जात होतं, पण हा जोड आमच्या झोपायच्या खिडकीपासून हातभर अंतरावर होता. ऑफिसात कळवून जागा बदलली, केबलला नवा प्लग बसवला. त्यानंतर मायक्रोवेव्ह चालू असताना मीटर १११ दाखवू लागला आणि पापड फुलला.

तेव्हा साधा सॉकेटमध्ये खोचायचा मीटर विकत घ्या. प्रत्येक मुक्कामी प्लग लावण्याआधी पिना बघा आणि तासाभरानं प्लगवर हात ठेवून पाहा. कोमट ठीक, चटका बसता कामा नये. व्होल्टेज फार उतरलं तर वीज आपोआप तोडणारं संरक्षक यंत्रही मिळतं, ते जरूर लावा. पडलेल्या व्होल्टेजवर एसीचा कॉम्प्रेसरही खराब होतो.

३० अँपिअरची जोडणी म्हणजे जास्तीत जास्त ३,६०० वॅट. मायक्रोवेव्हवर १,००० वॅट लिहिलेलं असलं तरी तो आकडा शिजवण्याचा असतो, विजेतून तो साधारण १,५०० ओढतो. एसी जवळपास तेवढाच. त्यात पाणी तापवायचा विजेचा हीटर चालू असला, की ब्रेकर पडणारच. बॅटरीवर, इन्व्हर्टरमधून चालवत असाल तर तो प्युअर साइन वेव्हचाच हवा. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह घरघरतो, तापतो आणि नीट शिजवत नाही.

यंत्राची ताकद घरबसल्या मोजता येते. एक लिटर थंड पाणी मोजून घ्या, तापमान टिपा, पूर्ण पॉवरवर एक मिनिट ठेवा, ढवळून लगेच पुन्हा तापमान घ्या. जितके अंश सेल्सियस वाढले त्याला ७० नं गुणा, म्हणजे साधारण वॅट मिळतात. ९०० वॅटच्या यंत्रात तेरा अंश वाढायला हवेत. आमच्या नव्यात त्या संध्याकाळी नऊच वाढले होते. यंत्र ठणठणीत असताना हा आकडा काढून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

व्होल्टेज ठीक असूनही ताकद कमी भरली, तर मात्र दोष आतला. आत ठिणग्या उडत असतील तर भिंतीवरचा अभ्रकाचा पातळ पत्रा तेलकटून जळला असेल. तो स्वस्तात मिळतो आणि बहुतेक मॉडेलमध्ये बाहेरचं आवरण न उघडता बदलता येतो. त्यापलीकडे हात घालू नका, हे मी हात जोडून सांगते. आत काही हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो. त्यानं माणसं दगावली आहेत. दार नीट लागत नसेल तर मायक्रोवेव्ह वापरणंच थांबवा.

खरोखर नवाच घ्यायची वेळ आली, तर खाचेची रुंदी, उंची, खोली मोजा, आणि मोटरहोमचं दारही मोजा. कारखान्यात आतलं सामान कधी कधी भिंती बसवण्याआधी चढवलेलं असतं, ते दारातून निघेलच असं नाही. दुकानातला ओट्यावर ठेवायचा साधा मायक्रोवेव्ह बंद कपाटात कोंबू नका. त्याला चहूबाजूंनी हवा लागते, नाहीतर तो तापून मधेच बंद पडतो. कपाटात बसवता येईल असं पुस्तिकेत लिहिलेलं मॉडेल, त्याच्याच चौकटीसकट घ्या. बऱ्याच मोटरहोममध्ये वेगळा ओव्हन नसतो, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हच सगळं करतो. नानकटाई भाजायची सवय असेल तर साध्यावर समाधान मानू नका. वॉरंटी घरगुती वापरापुरतीच आहे का, हे पैसे देण्याआधी वाचा. शेगडीवर टांगायचा असेल तर दोन माणसं लागतात, कारण वजन पंचवीस किलोच्या आसपास जातं आणि मोटरहोमची भिंत पातळ प्लायची असते. मागची पट्टी आतल्या लाकडी किंवा धातूच्या चौकटीलाच आवळायला हवी. रस्त्याच्या धक्क्यांनी तिचे स्क्रू ढिले होतात, म्हणून लांबचा पल्ला झाला की ते पुन्हा आवळा. गाडी निघण्याआधी काचेची थाळी काढून टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा.

आणि दुरुस्तीवाला आला, की यंत्राला हात लावण्याआधी त्याला भार टाकून व्होल्टेज मोजायला सांगा. आकडा तुमच्यासमोर बिलावर लिहून घ्या. जुनं यंत्रही, नव्यात पापड फुललेला दिसेपर्यंत, त्याच्या हवाली करू नका.