दुकानातील सर्व संगणकांसाठी एकच कार्यप्रणाली

बिलासाठी एक संगणक, गोदामात एक जुना, मुलाचा लॅपटॉप निराळा आणि भरतकामाच्या मशीनजवळ चौथा, अशी आज आपल्या पुष्कळ पेढ्यांची स्थिती आहे. प्रत्येक यंत्र वेगळ्या वर्षी घेतलेले, म्हणून प्रत्येकावरील कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, वेगळी. त्यात 14 ऑक्टोबर 2025 पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नियमित मदत बंद केली. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. परिणामी, धडधाकट यंत्र भंगारात काढा असा सल्ला मिळतो, नाहीतर कोणीतरी थोडक्या पैशांत चोरीची प्रत टाकून देतो. पहिला सल्ला महागात पडतो आणि दुसरा नाजायज आहे. शिवाय ज्या यंत्रात गिऱ्हाइकांची उधारी, म्हणजे लोकांची अमानत आहे, त्यात अनोळखी माणसाने फोडलेली प्रणाली घालणे धोक्याचेही आहे.

यावर कायदेशीर मार्ग आहे तो मुक्त प्रणालीचा. मुक्त म्हणजे तिची मूळ संहिता सर्वांना खुली असते, ती वापरावी, तिची प्रत शेजाऱ्याला द्यावी, त्यास पूर्ण परवानगी असते. अशा प्रणाली अनेक आहेत; परंतु निरनिराळ्या जातींच्या यंत्रांवर एकच चालवायची असेल तर माझ्या मते डेबियन घ्यावी. इयान मरडॉक यांनी 1993 साली ती सुरू केली. ती कोणा एका कंपनीची मालमत्ता नसून जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात. इंटेल व एएमडीच्या 64 बिट संगणकांवर, एआरएम जातीच्या प्रोसेसरवर, इतकेच काय आयबीएमच्या मेनफ्रेमवरही ती चालते. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकाची स्वतःची प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. म्हणजे नोकराने एका यंत्रावर काम शिकले की बाकीच्यांवर पुन्हा शिकवावे लागत नाही, आणि दुरुस्त करणारा माणूसही एकच पुरतो. खरा फायदा हा आहे. फुकट मिळते ही गोष्ट दुय्यम.

आवृत्ती निवडताना मात्र लक्ष द्यावे. डेबियन 13 ही ऑगस्ट 2025 मध्ये आली आणि तिने 32 बिट संगणकांवर नव्याने बसविण्याची सोय काढून टाकली. पेंटियमच्या काळातील खरोखर 32 बिट यंत्र असेल तर डेबियन 12 बसवावी. तिची दीर्घ मुदतीची सुरक्षा-मदत जून 2028 पर्यंत आहे. पण घाई नको. पुष्कळ यंत्रांत प्रोसेसर 64 बिट असून वर विंडोज तेवढी 32 बिट घातलेली असते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीमच्या माहितीत 'एक्स64 बेस्ड प्रोसेसर' असे शब्द दिसले तर डेबियन 13 खुशाल चालेल. पडद्यासाठी एक्सएफसीई हा हलका प्रकार निवडावा. 2 जीबी रॅमवर साधे काम निभते. ब्राउझरमध्ये अनेक पाने उघडायची असतील तर 4 जीबी बरी.

आता कामाचे बोलू. पत्रे व तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस आहे. मराठीबरोबर उर्दूही उजवीकडून डावीकडे नीट लिहिता येते, आणि नोटो नस्तालीक हा फॉन्ट मोफत मिळतो, ही आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना मोठीच सोय. भरतकाम करणाऱ्या कारागिरांनी इंकस्केप आणि त्याला जोडलेले इंकस्टिच पाहावे. त्यातून डीएसटी फाईल निघते, जी बहुतेक भरतकाम मशीन वाचतात. अडचण आहे ती टॅलीची. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. तडजोडी करून ती लिनक्सवर चालवणारे आहेत, पण हिशोबाच्या मामल्यात मी तसा सल्ला देणार नाही. ज्यांचा सर्व कारभार टॅलीत आहे त्यांनी ते एक यंत्र परवान्याच्या विंडोजवर ठेवावे आणि उरलेली बदलावीत. बिलाचा प्रिंटर, बारकोड वाचणारे यंत्र, जीएसटीसाठी लागणारी डिजिटल सही या तिन्ही वस्तू आधी जोडून पाहाव्यात.

पाहण्यास खर्च नाही. डेबियनची 'लाइव्ह' प्रत पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करता येतो. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. दोन-चार दिवस तसे काम करून मगच बसवावे, आणि बसवण्यापूर्वी सर्व हिशोबाची नक्कल दोन वेगळ्या ठिकाणी काढावी. पहिली पाळी गोदामातील यंत्राची, बिलाच्या संगणकाची शेवटी. रमजानचा बाजार, दिवाळी आणि मार्चअखेर या दिवसांत कोणत्याही यंत्राला हात लावू नये.