व्यक्तिनामाचा अर्थ : बिशप रिचर्ड बॅनक्रॉफ्ट आणि नामकरणाचा वाद

सामान्यनाम एका जातीचा बोध करून देते आणि विशेषनाम एकाच व्यक्तीचा किंवा वस्तूचा निर्देश करते, हा भेद तुम्हांला व्याकरणातून परिचित आहे. 'नदी' या शब्दाचा अर्थ ठाऊक असला की पूर्वी कधीही न पाहिलेल्या नदीलाही आपण नदी म्हणू शकतो. परंतु 'रमेश' हा शब्द कितीही चांगला ठाऊक असला, तरी अनोळखी माणसाकडे पाहून 'हा रमेश' असे कोणालाही सांगता येणार नाही. मग 'रमेश' या शब्दाला अर्थ आहे की नाही? 'रमेचा ईश तो रमेश' असे उत्तर तुम्ही द्याल. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते बरोबर आहे. मात्र हजेरी घेताना शिक्षक 'रमेश' असे पुकारतात, तेव्हा त्यांना विष्णू अभिप्रेत नसतो, आणि 'हजर' म्हणणाऱ्या मुलालाही तसे वाटत नाही.

या प्रश्नाची चर्चा बहुधा प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादापासून सुरू केली जाते. येथे आपण वेगळ्या वाटेने जाणार आहोत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हाच प्रश्न तत्त्वज्ञांच्या चर्चेपुरता राहिला नव्हता. त्याच्या उत्तरावर एका तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा अवलंबून होता.

नॉर्थॅम्प्टनमधील प्रसंग

नॉर्थॅम्प्टन येथे एडमंड स्नेप नावाचे प्युरिटन धर्मोपदेशक होते. इंग्लंडच्या चर्चची सुधारणा अर्धवट राहिली आहे, उपासनेतील आणि व्यवहारातील जे जे बायबलमध्ये नाही ते दूर झाले पाहिजे, असे मानणाऱ्यांना त्या काळी प्युरिटन म्हणत. एक गृहस्थ आपल्या मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी स्नेप यांच्याकडे गेले. स्नेप यांनी होकार दिला, पण एक अट घातली : मुलाचे नाव बायबलमधील असले पाहिजे. नाव ठेवण्याचा मान मुलाच्या आईच्या वडिलांचा होता आणि त्यांचे स्वतःचे नाव होते रिचर्ड. विधी सुरू झाला. नाव उच्चारण्याची वेळ आली तेव्हा घरच्यांनी 'रिचर्ड' असे सांगितले. दुसरे नाव देण्यास ते तयार होईनात, तेव्हा स्नेप तेथेच थांबले आणि त्यांनी बाप्तिस्मा देण्याचे नाकारले. मूल तसेच परत नेण्यात आले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि नाव रिचर्डच राहिले.

अर्भके सहज दगावत अशा काळात बाप्तिस्म्यावाचून गेलेला आठवडा आईबापांना कसा वाटला असेल, याची कल्पना करा.

हा प्रसंग आपल्यापर्यंत पोहोचला आहे तो १५९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'डेंजरस पोझिशन्स अँड प्रोसीडिंग्ज' या ग्रंथातून. त्याचे लेखक रिचर्ड बॅनक्रॉफ्ट. लेखकाचे पाळण्यातले नावही रिचर्डच आहे, हे तुमच्या ध्यानात आले असेल. बॅनक्रॉफ्ट (१५४४–१६१०) तेव्हा बिशप झालेले नव्हते. १५९७ मध्ये ते लंडनचे बिशप झाले आणि १६०४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप. प्युरिटनांचा बीमोड हे त्यांच्या आयुष्याचे मुख्य कार्य होते. त्यामुळे वरील वृत्तान्त हा प्रतिपक्षाचा वृत्तान्त आहे, हे विसरता कामा नये. स्नेप यांची बाजू त्यांच्याच तोंडून ऐकली असती, तर ती कदाचित इतकी हटवादी वाटली नसती. ती बाजू समजून घेणे भाषाभ्यासकाला आवश्यक आहे.

नाव म्हणजे उपदेश

राणी मेरीच्या कारकिर्दीत परागंदा झालेल्या इंग्रज प्रोटेस्टंटांनी १५६० मध्ये जिनिव्हा येथे बायबलचे भाषांतर प्रसिद्ध केले. या भाषांतराच्या शेवटी बायबलमधील व्यक्तिनामांची अर्थांसह सूची जोडलेली होती. मुलांच्या नावांतून ईश्वराचे काही स्मरण राहावे, परंतु मागील पिढ्यांनी ती नावे मूर्तिपूजेची आणि अधर्माची चिन्हे बनवून टाकली, अशी खंत सूचीच्या प्रस्तावनेत व्यक्त झाली आहे. नावांची रूपेही या भाषांतरात हिब्रूच्या जवळ नेली गेली : रूढ 'आयझॅक'च्या जागी 'इझ्हाक', 'एबल'च्या जागी 'हाबेल', 'ईव्ह'च्या जागी 'हेवा'.

'रिचर्ड' हे नाव या दृष्टीने पाहा. ते जर्मानिक कुळातले, नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडमध्ये रुजलेले. त्याचे दोन घटक 'सत्ता' आणि 'बळकट, धीट' अशा अर्थांचे. त्यात बायबलचा संबंध कोठेच नाही. नाव म्हणजे आयुष्यभर ऐकू येणारा उपदेश असे ज्याचे मत, त्याला हे नाव वायफळ वाटणे स्वाभाविक होते.

काही प्युरिटन याच्याही पुढे गेले. हिब्रू नावाचा अर्थ सूचीत शोधावा लागतो. मग नाव थेट इंग्रजीतच का ठेवू नये? केंट परगण्यातील क्रॅनब्रुक येथे डडली फेनर या धर्मोपदेशकाने आपल्या मुलांची नावे 'मोअर-फ्रूट' आणि 'फेंट-नॉट' अशी ठेवली. म्हणजे 'अधिक फळ' आणि 'खचू नकोस'. ससेक्समधील वॉर्बल्टन येथे 'सिन-डिनाय', म्हणजे 'पाप नाकार', असेही नाव ठेवले गेले. बॅनक्रॉफ्ट यांनी आपल्या ग्रंथात अशा नावांची यादीच दिली आहे : 'द लॉर्ड इज निअर' (प्रभू समीप आहे), 'जॉय-अगेन' (पुन्हा आनंद), 'फ्री-गिफ्ट' (मुक्त देणगी), 'डस्ट' (धूळ) इत्यादी. यादी देण्यामागील हेतू उपहासाचा होता.

व्याकरणाच्या अंगाने या यादीकडे पाहिले, तर एक गोष्ट जाणवते. यांतील काही नावे नामपदे आहेत, काही आज्ञार्थी क्रियापदे आहेत, तर एक चक्क पूर्ण वाक्य आहे. माझ्या मते या नावांनी समकालीनांना इतके बिचकवले त्याचे कारण धार्मिक जितके, तितकेच भाषिकही आहे. ज्या जागी रूढ शब्द अपेक्षित आहे, तेथे जिवंत वाक्य आले की श्रोता अडखळतो.

१६०४ चा दुसरा नियम

जानेवारी १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्ट येथे राजा पहिला जेम्स याने बोलावलेल्या परिषदेत बायबलच्या नव्या भाषांतराची सूचना पुढे आली. ती प्युरिटनांच्या बाजूने आली होती आणि बॅनक्रॉफ्ट यांनी तिला विरोधही केला. पण राजाने ती उचलून धरली. मग भाषांतरकारांसाठी नियमावली तयार करण्याचे काम बॅनक्रॉफ्ट यांच्याकडेच आले. पहिला नियम पूर्वीच्या 'बिशप्स बायबल'ला शक्य तितके धरून राहण्याचा. दुसरा नियम नावांविषयी : संदेष्ट्यांची, पवित्र लेखकांची आणि संहितेतील इतर नावे लोकांत जशी रूढ आहेत, होईल तितकी तशीच ठेवावीत. त्याला लागूनच तिसरा नियम आहे, चर्चसंबंधीचे जुने शब्द कायम ठेवण्याचा. दोन्ही नियमांचे तत्त्व एकच आहे : मूळ काय होते यापेक्षा वापर काय आहे, याला प्रमाण मानावे.

१६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या भाषांतरात नियमाचा परिणाम दिसतो. 'हेवा' गेली आणि 'ईव्ह' परतली. नावांचे अर्थ मात्र पूर्णपणे हद्दपार झाले नाहीत. ते समासात गेले. हिब्रू व ग्रीक शब्दांच्या स्पष्टीकरणापुरत्या समासटीपा चालतील, अशी सवलत नियमावलीत होती. रूथच्या पुस्तकात नामी ही दुःखी स्त्री 'मला नामी म्हणू नका, मारा म्हणा' असे सांगते. तेथे पहिल्या नावाचा अर्थ 'सुखद' आणि दुसऱ्याचा 'कडू' असा समासात दिला आहे. तो दिला नसता तर तिच्या बोलण्यातील वेदना वाचकाला कळलीच नसती. बॅनक्रॉफ्ट यांचा नियम येथे अपुरा पडतो, आणि समासटीप त्याची उणीव भरून काढते.

नियमाचा दुसरा तोटा अधिक मजेदार आहे. वापरात एकाच व्यक्तीच्या नावाची दोन रूपे असतील तर काय करायचे? जुना करार हिब्रूतून आणि नवा करार ग्रीकमधून, वेगवेगळ्या गटांनी भाषांतरित केला. परिणामी जुन्या करारातील 'आयझाया' नव्या करारात 'इसायस' झाला आणि 'इलायजा' 'इलायस' झाला. मोशेनंतर इस्राएलचा नेता झालेला जोशुआ नव्या करारात दोन ठिकाणी चक्क 'जीझस' या नावाने येतो, कारण ग्रीकमध्ये दोन्ही नावे एकच आहेत. निर्देश हेच विशेषनामाचे काम. ते येथे बिघडते.

दोन क्षण : नाव ठेवणे आणि नाव घेणे

आता या वादाकडे आपल्या परिभाषेतून पाहू. पतंजलीने महाभाष्यात शब्दांचे जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द आणि यदृच्छाशब्द असे चार वर्ग सांगितले आहेत. यदृच्छाशब्द म्हणजे वक्त्याच्या इच्छेने एखाद्या व्यक्तीला जोडलेला शब्द. 'डित्थ' हे वैयाकरणांचे आवडते उदाहरण. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये 'अ सिस्टिम ऑफ लॉजिक' या ग्रंथात जवळपास हीच भूमिका घेतली : विशेषनाम निर्देश करते, गुणधर्म सांगत नाही. 'डार्टमथ' म्हणजे डार्ट नदीच्या मुखावरील गाव. उद्या नदीने पात्र बदलले तरी गावाचे नाव बदलणार नाही. वड नसलेली वडगावे आपल्याकडेही आहेत.

मिलची भूमिका बॅनक्रॉफ्ट यांना पटली असती. पण ती नाव घेण्याच्या क्षणाबद्दल आहे, नाव ठेवण्याच्या क्षणाबद्दल नाही. नाव ठेवणाऱ्याच्या मुखी ते यौगिक असते. हाक मारणाऱ्याच्या मुखी लवकरच रूढ होते. स्नेप पहिल्या क्षणाविषयी बोलत होते, बॅनक्रॉफ्ट दुसऱ्या. शिवाय रिचर्ड हे नाव ठेवणाऱ्या आजोबांचा हेतू या दोन्हींत बसत नाही. त्यांना 'बळकट सत्ता' अभिप्रेत नव्हती, तरीही नाव निरर्थक नव्हते. त्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ होता, 'हा आमचा'. नावाचा हा सामाजिक आशय कोणत्याही व्युत्पत्तिकोशात सापडत नाही, आणि मला तोच सर्वांत टिकाऊ वाटतो.

शब्दार्थ सारखा असूनही नामकरणाची कृती किती भिन्न असू शकते, हे पाहण्यासाठी 'डस्ट' या नावाशेजारी आपली 'दगडू', 'धोंडू', 'केरू' ही नावे ठेवा. प्युरिटन बापाला माणूस मातीचा आहे हे मुलाला स्मरवायचे होते. आपल्याकडे मुले जगत नसत तेव्हा असे नाव ठेवण्यामागे दृष्ट लागू नये, मूल वाचावे ही आस होती. एकात नम्रतेचा उपदेश आहे, दुसऱ्यात मृत्यूला दिलेली हुलकावणी.

मराठी बायबलमधील रूपेही लक्षणीय आहेत. 'हव्वा', 'हाबेल', 'इसहाक', 'याकोब' ही रूपे इंग्रजी 'ईव्ह', 'एबल', 'आयझॅक', 'जेकब' यांपेक्षा जिनिव्हाच्या रूपांना जवळची आहेत. मराठीत इंग्रजी रूपे रूढ नव्हती. उलट 'हव्वा' हे तर अरबीतीलही रूप आहे. गोव्यात मात्र पोर्तुगीजांच्या मार्गाने आलेला 'जेजू' आणि मराठी बायबलमधील 'येशू' ही एकाच नावाची दोन रूपे आजही आपापल्या समाजात नांदत आहेत.

स्वाध्याय

प्रस्तुत घटक लिहिताना 'रिचर्ड' या नावाचे मराठी भाषांतर मजकुराच्या ओघात द्यावे लागले नाही, 'फेंट-नॉट'चे मात्र द्यावे लागले. असे का झाले, हे यौगिक व रूढ या संज्ञांच्या आधारे स्पष्ट करा. त्यानंतर 'नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा' या म्हणीचा विचार करा : विशेषनामाला अर्थ नसतो हे मिलचे मत पूर्णपणे खरे असते, तर ही म्हण आपल्याला समजली असती काय? शेवटी आपल्या कुटुंबातील तीन पिढ्यांची नावे मिळवा आणि प्रत्येक नाव कोणी ठेवले, का ठेवले, हे ज्येष्ठांना विचारून लिहा. नावाचा कोशातील अर्थ आणि घरात सांगितले जाणारे कारण या गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवा.