आळ कॉइलवर, दोष कपलरचा

खंबाटकीचा चढ लागला की आमची गाडी मिसिंग मारायची. स्कॅनरने पी०३०३ कोड दाखवला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. गॅरेजमध्ये तिसरी कॉइल बदलली, बिल भरलं आणि पाऊस लागताच गाडी पुन्हा धक्के खाऊ लागली.

मग एका जुन्या वायरमनकाकांनी गाडी पाहिली. त्यांनी दुसरी आणि तिसरी कॉइल आपसात बदलून लावली. दोष कॉइलमध्ये असता, तर कोडही दुसऱ्या सिलिंडरवर गेला असता. तो तिसऱ्यावरच राहिला. प्लगची अदलाबदल केली, तरी तेच. काकांनी त्या कॉइलच्या वायरींचा कपलर उघडला तेव्हा लॉक तुटलेलं, वरून झिप टाय आवळलेला आणि आतली पिन सैल. इंजिनच्या उष्णतेने कपलरचं प्लास्टिक ठिसूळ होतं. आधी लॉक न दाबता कपलर ओढला, की ते मोडतंच. ग्राहकाला न सांगता त्यावर टाय आवळणं मला अक्षम्य वाटतं.

म्हणून नवी कॉइल घेण्याआधी ही अदलाबदल करून बघायला सांगा. कॉइल चालू इंजिनवर हाताळू नका, प्लगला हजारो व्होल्ट जातात. इंजिन लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो निकामी झाला तर कॉइलचा खर्च काहीच नाही असं वाटेल.

दोष कपलरचा निघाला आणि पिना धड असतील, तर त्याचं नुसतं आवरण बदलता येतं, वायर कापावी लागत नाही. पिन सैल किंवा हिरवी पडली असेल, तर वायरसकट नवा कपलर घ्यावा. बॅटरीची निगेटिव्ह काढून, जुन्याचा फोटो घेऊन, एका वेळी एकच वायर कापून जोडायची. रंगांवर मुळीच विसंबू नका. बाजारातल्या कपलरचे रंग गाडीच्या रंगांशी जुळतातच असं नाही, पिन कोणत्या खाचेत आहे ते बघा. तीन वायरींच्या कॉइलला साधारणपणे एक १२ व्होल्टची, एक अर्थची आणि एक ईसीयूच्या (इंजिनच्या कंप्युटरच्या) सिग्नलची वायर असते. त्यांची अदलाबदल झाली तर कॉइलच काय, ईसीयूही जळू शकतो.

खरी कसोटी जोडाची. पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला जोड मान्य करू नका, उष्णतेने टेपचा गोंद सुटतो. वायर गाडीचीच हवी, घरगुती नको. जोड क्रिंप केलेला, वर गोंदाचा हीट श्रिंक. सगळे जोड एकाच ठिकाणी न येता पुढे-मागे असावेत आणि वायरला थोडी ढील असावी, नाहीतर इंजिनच्या थरथरीने ती पुन्हा तुटते. कपलर बसताना लॉकचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे.

कॉइल बाहेर आहेच, तर प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारून बघा. तेल दिसलं, तर टॅपेट कव्हरचं पॅकिंगही त्याच वेळी बदलून घ्या, कारण तेलाने कॉइलचं रबर फुगून खराब होतं.