साबुदाणा चालत नाही

१. शेजारी दर वर्षी विचारतात, “साबुदाणा तरी चालतो ना?” नाही. प्रायश्चित्ताच्या योम किप्पूरला, म्हणजे आम्हां बेने इस्रायली ज्यूंच्या जुन्या बोलीतल्या दारफाळणीच्या सणाला, सूर्यास्ताआधीपासून दुसऱ्या रात्री तारे दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. साधारण २५ तास. कातडी चपलाही नाहीत.

२. भुकेपेक्षा चहा छळतो. आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करावा. आदल्या संध्याकाळी सुक्या मासळीला हात लावू नये.

३. आमचा रोजा, म्हणजे उपास, सोपा; माफी अवघड. देवाविरुद्ध केलेले अपराध हा दिवस धुतो; माणसाचं मन दुखावलं असेल तर आधी त्याची समजूत काढा, असं मिश्ना हा आमचा जुना धर्मनियमग्रंथ बजावतो. म्हणून खरं काम आधीच्या दिवसांत उरकायचं. “कळत-नकळत काही चुकलं असेल तर” असला गुळमुळीत फोन करू नये. काय लागलं ते समोरच्याला पक्कं ठाऊक असतं. आमच्या नात्यातले दोन भाऊ वाटणीवरून अबोला धरून होते. योम किप्पूरला सिनेगॉगमध्ये एकाच बाकावर बसून दोघंही छाती बडवत पापांची यादी म्हणत. ती यादी अनेकवचनी आहे, ‘आम्ही’ची. त्या ‘आम्ही’त ‘मी’ला छान लपता येतं.

४. जिवाला धोका असेल तर रोजा सोडायचाच. ती सवलत नाही, आज्ञा आहे. आजारी वडीलधाऱ्यांना हे पटवायला डॉक्टरपेक्षा प्रार्थना चालवणाऱ्या हजानचा शब्द जास्त कामी येतो.

५. दुपार संपता संपत नाही. तेव्हा बायबलमधलं योना संदेष्ट्याचं पुस्तक वाचतात. त्याचा माशाच्या पोटातला मुक्काम पोरांना आवडतो. मला पुढचा भाग आवडतो. निनवे शहरातल्या पापी लोकांना देवानं माफ केलं म्हणून हा संदेष्टा रुसून बसतो! त्या दोन भावांना हेच ऐकवायला हवं होतं. हिब्रू कळत नसेल तर जवळ मराठी पुस्तक ठेवावं. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकातच आपल्या प्रार्थना मराठीत आणल्या आहेत.

६. २०२५ साली २ ऑक्टोबरला दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी आले. आळीभर पुऱ्या तळल्याचा वास. अशा वेळी घरी थांबूच नये, सिनेगॉगमध्येच बसून राहावं. रोजा संपल्याचं शोफारचं शिंग वाजल्यावर घरी येऊन मनुकांचं सरबत घेतलं. शेजारच्या काकूंनी आपट्याची पानं दिली आणि आमच्या वाटचं श्रीखंड फ्रीजमध्ये ठेवल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमचा शिळा सण, दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. श्रीखंड तेव्हा संपवलं.