बंबात प्लॅस्टिक नको, पोत्यात साठवा



आजचा संदेश पिकाचा नाही, घरातल्या सुक्या कचऱ्याचा आहे.

थंडी सुरू झाली की पहाटे बंब पेटतो आणि पेटवायला हाताशी येतं ते प्लॅस्टिक. तेलाची पिशवी, खताच्या पोत्याचा तुकडा, ठिबकची जुनी नळी. लगेच पेट घेतं हे खरं, पण धूर अंगणातच घुटमळतो आणि लहान पोरं, म्हातारी माणसं तोच श्वासात घेतात. पीव्हीसी पाईपचा तुकडा जळाला तर आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषं निघतात. अशी राख भाजीच्या वाफ्यातही टाकू नका. पेटवायला तुराट्या, नारळाच्या शेंड्या आहेतच की.

मग प्लॅस्टिकचं करायचं काय? मिसळलेला कचरा निवडत बसणं जिकिरीचं, म्हणून तो मिसळूच देऊ नका. मागच्या दाराशी खिळ्याला धान्याचं एक रिकामं पोतं टांगा. धुतलेलं, कोरडं प्लॅस्टिक त्यात. रद्दी आणि पुठ्ठा दुसऱ्या पोत्यात, पाऊस लागणार नाही अशा जागी. काच आणि पत्रा एका जुन्या बादलीत. महिन्या-दोन महिन्यांनी भंगारवाला आला की पोती तशीच वजनाला लावायची. वेगळा आणि कोरडा माल असेल तर भाव मागता येतो. भिजलेला, सगळा एकत्र माल असला की तो सगळ्यात हलक्या मालाचा दर लावतो, नाहीतर घेतच नाही.

दूध-तेलाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता राहू द्या. ते बारीक तुकडे कुणीच वेचत नाही, मातीत जातात. तेलकट पिशवी भांडी घासलेल्या पाण्यात विसळून वाळवली की झालं. डब्या-बाटल्यांच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याची बाटली, २ म्हणजे जाड कॅन, ५ म्हणजे डबे. हे सहसा विकलं जातं. ३ म्हणजे पीव्हीसी, ते बाटल्यांत मिसळू नका, थोडंसं गेलं तरी पुढचा माल खराब होतो. वेफर्सची चकचकीत पाकिटं आणि शाम्पूच्या पुड्या भंगारवाला बहुधा घेत नाही. त्या वेगळ्या बांधून घंटागाडीत द्या. आणि हे काम एकट्या घरच्या लक्ष्मीवर ढकलू नका, पोतं सगळ्यांना दिसतंय.

उरलंसुरलं अन्न पिशवीत गाठ मारून उकिरड्यावर टाकायची सवय तर आजच सोडा. वासाने गाय पिशवीसकट खाते. प्लॅस्टिक पचत नाही, कोठीपोटात त्याचा गोळा होतो, जनावर चारा सोडतं, दूध आटतं. शिवाय शेणखताबरोबर तेच प्लॅस्टिक रानात पसरतं.

*औषधाच्या बाटल्या या पोत्यात कधीच नाहीत.* फवारणीचं औषध संपलं की बाटलीत पाव भाग पाणी घाला, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा आणि ते पाणी फवारणीच्याच पंपात ओता. असं तीनदा. मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे कुणी तिच्यात रॉकेल किंवा तेल भरणार नाही. दुकानदार किंवा औषध कंपनी परत घेत असेल तर तिकडे द्या. नसेल तर कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरायचे असतात. विहीर आणि ओढ्यापासूनही लांबच. बॅटरी पंपाची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानात परत करा. घरी फोडू नका, आत शिसं आणि आम्ल असतं.

हे आपल्या भागाला नवीन नाही. तासगाव तालुक्यातले आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. पुढे स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत २०२० ला कराड देशात पहिलं आलं, २०२२ ला पाचगणी पहिलं आणि कराड तिसरं. गावात मात्र घंटागाडी रोज येतेच असं नाही, म्हणून घरातलं पोतं जास्त महत्त्वाचं. एका घराचा माल थोडा असतो. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एकाच दिवशी बोलावलं तर भंगारवाला वस्तीवरही येतो.

ठिबकच्या जुन्या नळ्यांना तुमच्या गावात सध्या काय भाव मिळतोय, ते गावाच्या नावासह याच नंबरवर कळवा.