घडीचें कॅमेरा-ड्रोन घरीं कसें बांधावें
पिकास ताण कोठें पडला आहे हें बांधावरून उमगत नाहीं; वरून घेतलेल्या चित्रांत तें दिसूं शकतें. घडीच्या ड्रोनाची सर्व भिस्त त्याच्या सांध्यांवर असते. चारी भुजा समान लांबीच्या घ्याव्या. प्रत्येक सांध्यास फिरण्यासाठीं एक बोल्ट व उघडलेली भुजा अडविण्यासाठीं दुसरी खीळ असावी. सांधा ढिला राहिल्यास कंप सुटून चित्र अस्पष्ट येतें व तोल राखणारें यंत्रही फसतें. कर्णावरील दोन पंखे एकाच दिशेनें, शेजारचे उलट फिरावे. बॅटरी मध्यभागीं बसवावी. मोटारींची पहिली परीक्षा पंखे काढूनच करावी. २०२१ च्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनासाठीं चालकाच्या प्रमाणपत्राची अट नाहीं. म्हणून सुटे भाग प्रथम तराजूंत घालावे.